दहा टक्क्यांच्या मूत्रपिंडाचे काय करायचे?

‘लंगोट तर दिवसभर ओलेच असते, मग लघवी अडली कशी म्हणता?’ सरकारी रुग्णालयांतल्या बालशल्यचिकित्सा विभागात आईबाप हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. मोठ्या माणसाची लघवी अडली की ती बंद होते, ओटीपोट फुगते, माणूस कळवळतो. तान्ह्या मुलाचे तसे नसते. मूत्रमार्गात जन्मजात पडदा असलेल्या मुलाचे मूत्राशय कधीच नीट रिकामे होत नाही. ते तुडुंब भरते आणि वरचे तेवढे थेंब थेंब गळत राहते. धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडते आहे म्हणून कालवा मोकळा आहे असे कुणी म्हणत नाही. लंगोटाच्या बाबतीत मात्र नेमकी हीच गफलत होते. तोवर तुंबलेल्या लघवीचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोचलेला असतो. असे मूल बहुतेक वेळा लघवीच्या तक्रारीसाठी येतच नाही. ताप हटत नाही, वजन वाढत नाही, प्यायलेले दूध ओकून टाकतो म्हणून येते. रक्त तपासल्यावर क्रिएटिनिन वाढलेले निघते, आणि मग सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसतात.

मे २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव संमत केला. मूत्रपिंडाचे विकार वेळीच ओळखावेत, प्राथमिक आरोग्यसेवेत त्यांना जागा द्यावी, असा त्याचा आशय. आपल्याकडे २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे बसू लागली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या विषयावरची आपली सगळी सार्वजनिक चर्चा मधुमेह, रक्तदाब आणि डायलिसिसच्या खाटा याच त्रिकोणात फिरते. लहान मुलांचे गणित निराळे आहे. मुलांमध्ये मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत मूळ कारण मूत्रपिंडांची किंवा मूत्रमार्गाची जन्मजात रचनादोषाची व्याधी असते, आणि त्यातला मोठा वाटा अडथळ्यांचा. अडथळा ही शस्त्रक्रियेने दूर होणारी गोष्ट आहे. मूत्रपिंडाच्या आजारांत असे म्हणता येण्याजोगी कारणे फार थोडी आहेत.

हा अडथळा प्रामुख्याने दोन ठिकाणी असतो. एक, मूत्रपिंडातून लघवी जिथे मूत्रवाहिनीत उतरते त्या सांध्यावर. वैद्यकीय भाषेत त्याला पेल्वी-युरेटेरिक जंक्शनचा अडथळा म्हणतात. तो बहुतेकदा एकाच बाजूला, त्यातही डावीकडे अधिक, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो. दुसरा अडथळा खाली, मूत्राशयाच्या तोंडापुढे, मूत्रमार्गात. याला पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व हे नाव आहे. हा दोष फक्त मुलग्यांत असतो. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला. अमेरिकन शल्यचिकित्सक ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये या पडद्यांचे सविस्तर वर्णन केले, पण शंभर वर्षांनंतरही हा दोष कित्येक मुलांत उशिराच लक्षात येतो. वरचा अडथळा एका मूत्रपिंडाचा घात करतो. खालचा अडथळा दोन्ही मूत्रपिंडांचा आणि शिवाय मूत्राशयाचाही.

माणसाच्या एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. त्या सगळ्या गर्भातच तयार होतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम आटोपते आणि त्यानंतर आयुष्यभर एकही नवी गाळणी तयार होत नाही. अडथळा गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच आला असेल तर मूत्रपिंडाची घडणच बिघडते. ते नुकसान कोणताही सर्जन भरून काढू शकत नाही. पण ज्या गाळण्या तयार झाल्या आहेत आणि केवळ दाबाखाली गप्प बसल्या आहेत, त्या दाब उतरल्यावर पुन्हा कामाला लागू शकतात. एखादे मूत्रपिंड काम करत नाही असे दिसते तेव्हा त्यात मेलेला भाग किती आणि दबलेला किती, हे बाहेरून सांगता येत नाही. सोनोग्राफीत दोन्ही सारखेच दिसतात: मध्ये पाण्याची पिशवी आणि कडेला कागदासारखे पातळ आवरण.

मूत्रपिंड किती काम करते हे पाहायला रीनोग्राम नावाची तपासणी असते. अतिशय कमी मात्रेत किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली प्रत्येक मूत्रपिंड त्यातले किती उचलते ते मोजतात. अहवालात दोन आकडे येतात, डावे अमुक टक्के, उजवे तमुक टक्के. पालकांच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही मनात हे आकडे शाळेच्या निकालासारखे बसतात. प्रत्यक्षात ती वाटणी असते. बैलजोडीतला कोणता बैल किती ओढतो एवढेच त्यातून कळते. गाडी किती वेगाने चालली आहे ते कळत नाही. दोन्ही बैल सारखेच थकलेले असतील तरी वाटणी पन्नास-पन्नासच येणार. म्हणून दोन्ही बाजूंना आजार असलेल्या मुलाच्या अहवालात पन्नास टक्के वाचून निश्चिंत होणे धोक्याचे, आणि एका बाजूच्या आजारात आठ टक्के वाचून हात झटकणेही. शिवाय अतिफुगलेल्या मूत्रपिंडात हे मापन चुकूही शकते, कधी कमी तर कधी खरे असेल त्यापेक्षा जास्त. नवजात बाळात तर मूत्रपिंडेच अपरिपक्व असतात, म्हणून शक्य तोवर ही तपासणी चार ते सहा आठवड्यांनंतर करतात.

शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांतला जुना ठोकताळा असा होता, की चाळीस टक्क्यांच्या वर काम असेल तर लक्ष ठेवा, ते घसरत असेल किंवा चाळिसाच्या खाली असेल तर शस्त्रक्रिया करून अडथळा काढा, आणि दहा टक्क्यांच्याही खाली असेल तर मूत्रपिंडच काढून टाका. शेवटच्या वाक्यामागचा विचार प्रौढांच्या शस्त्रक्रियेतून आला. साठीच्या माणसाचे खड्याने निकामी झालेले मूत्रपिंड वर्षानुवर्षे दाबाखाली राहिलेले असते. ते ठेवून काही हाती लागत नाही, उलट जंतुसंसर्ग आणि रक्तदाबाचा त्रास होतो. दुसरे निरोगी असेल तर एकावर माणूस उत्तम जगतो, मूत्रपिंडदाते जगतातच. पण चार महिन्यांच्या बाळाला हाच नियम लावायचा का, यावर गेली दोन-अडीच दशके बालशल्यचिकित्सकांत वाद चालू आहे. या वादात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही. प्रगत देशांत बहुतेक बाळांचा अडथळा गर्भातच दिसतो आणि पुढे नियमित तपासणी होते. आपल्याकडे मुले उशिरा, मोठा गोळा घेऊन, दहा टक्क्यांच्या खाली उतरलेल्या अवस्थेत येत राहिली. अनुभव त्यातून साचला.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या बालशल्यचिकित्सकांनी २००१ मध्ये अशा मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मूत्रपिंड लगेच काढण्याऐवजी त्यांनी त्वचेतून बारीक नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढली, काही आठवडे थांबले आणि पुन्हा मोजणी केली. निम्म्याहून अधिक मूत्रपिंडांचे काम लक्षणीय वाढलेले आढळले. नंतर इतर ठिकाणांहूनही असेच अहवाल आले. हे अभ्यास लहान आहेत, मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचे पाठबळ त्यांना नाही, आणि प्रत्येक केंद्राचा निकाल सारखाही नाही. तरीही एक गोष्ट त्यांतून ठामपणे पुढे येते. पहिल्या स्कॅनमधला आकडा हा तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडाचा शेवटचा निकाल मानता येत नाही.

ही नळी म्हणजे नेफ्रोस्टॉमी. सोनोग्राफीत पाहत पाहत पाठीच्या बाजूने सुईने मूत्रपिंडापर्यंत पोचतात आणि बारीक नळी बसवतात. टाके नाहीत, मोठी जखम नाही. नळीतून येणारी लघवी एका पिशवीत जमते. पहिले काही दिवस ती पांढुरकी, पाण्यासारखी असते, कारण दबलेल्या गाळण्या लघवी घट्ट करायला विसरलेल्या असतात. रोज किती मिलिलिटर येते, तिचे विशिष्ट गुरुत्व किती, हे परिचारिका लिहून ठेवते. अनुभवी परिचारिकेला या वहीवरूनच बरेच कळते. चार ते सहा आठवड्यांनी रीनोग्राम पुन्हा करतात. काम वाढले असेल तर अडथळ्याची शस्त्रक्रिया करायची. नसेल वाढले, लघवीही जेमतेमच येत असेल, तर मूत्रपिंड काढण्याचा निर्णय निदान तपासून घेतलेला असतो.

अडथळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे पायलोप्लास्टी. अँडरसन आणि हाइन्स या ब्रिटिश सर्जनांनी १९४९ मध्ये वर्णन केलेली पद्धतच आजही मूळ पाया म्हणून वापरली जाते: अरुंद भाग कापून काढायचा आणि मूत्रवाहिनी तिरकी कापून मूत्रपिंडाच्या पिशवीला रुंद तोंडाने जोडायची. पूर्वी हे कुशीतल्या चिऱ्यातून होई, आता दुर्बिणीतून आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत रोबोटच्या साहाय्यानेही होते. यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. रोबोटच्या जाहिराती पाहून पालक धास्तावतात, की सरकारी रुग्णालयात आपल्या मुलाला जुनी शस्त्रक्रिया मिळेल की काय. सहा महिन्यांच्या बाळात दोन-तीन सेंटीमीटरच्या चिऱ्यातून नीट केलेली उघडी पायलोप्लास्टी कोणत्याही यंत्राच्या तोडीस तोड असते.

तरीही काही सर्जन नळीच्या टप्प्याला विरोध करतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रांगणाऱ्या मुलाच्या पाठीला नळी म्हणजे ती निसटणार, ओढली जाणार, तिच्यातून जंतू आत जाणार. घर शंभर किलोमीटरवर असेल तर रात्री नळी निघाल्यावर आईने कुणाकडे जायचे? त्यापेक्षा सरळ पायलोप्लास्टी करा, आत स्टेंट ठेवा, मूत्रपिंडाला जमले तर ते सुधारेल, नाही तर पुढे पाहू. व्यवहारात याचे उत्तर मुलागणिक बदलते. मूत्रपिंडात पू झाला असेल, मूल तापाने फणफणत असेल तर नळी आधी, त्यात दुमत नाही. मूल ठणठणीत असेल, सोनोग्राफीत मूत्रपिंडाचे आवरण बऱ्यापैकी दिसत असेल आणि घर लांब असेल, तर थेट शस्त्रक्रियाच अधिक शहाणपणाची. पहिल्याच भेटीत, एकाच स्कॅनवर, कसलीही संधी न देता तान्ह्या मुलाचे मूत्रपिंड काढणे मात्र आज समर्थनीय नाही.

काही मूत्रपिंडे काढावीच लागतात. ज्यात गाळण्याच बनल्या नाहीत, नुसत्या पाण्याच्या गाठींचा घोस आहे, ते अडथळ्याचे मूत्रपिंडच नव्हे. दाब काढून ते सुधारणार नाही. दाब काढूनही काम चार-पाच टक्क्यांवरच राहते, वरचेवर संसर्ग होतो किंवा रक्तदाब वाढतो, अशा वेळी ते ठेवण्याचा हट्ट मुलाच्या हिताचा नसतो. पालकांना वाटते, असू दे ना आत, काय खाते आहे? पण पू धरणारे मूत्रपिंड खरोखरच मुलाला आतून खाते. आणि सुधारते म्हणजे किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. आठाचे वीस-पंचवीस होणे हे चांगले यश. कित्येकदा पायलोप्लास्टीचे यश म्हणजे आहे तेवढे टिकले, आणखी घसरले नाही, एवढेच असते. ज्याच्यापुढे सत्तर वर्षांचे आयुष्य आहे, ज्याचे दुसरे मूत्रपिंड उद्या खड्याने किंवा अपघाताने अडचणीत येऊ शकते, त्याच्यासाठी हे वीस टक्के म्हणजे डायलिसिसपासूनचे कित्येक वर्षांचे अंतर ठरू शकते.

मूत्रमार्गातल्या पडद्याच्या मुलांत ही चर्चा चैनीची वाटावी अशी स्थिती असते. तिथे दोन्ही मूत्रपिंडे एकदम संकटात असतात, काढण्याचा प्रश्नच नसतो. बाळ आले की पहिले काम शस्त्रक्रिया नव्हे, तर मूत्राशयात बारीक नळी घालणे. नवजात बाळांना दूध भरवायला वापरतात ती साधी फीडिंग ट्यूब इथे चालते, फुग्याच्या नळीपेक्षा बरीच, कारण फुगा आकसलेल्या मूत्राशयाला डिवचतो आणि मूत्रवाहिन्यांची तोंडे बंद करू शकतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही ही ट्यूब असते. तिथेच ती घालून, चिकटपट्टीने नीट बांधून, मग बाळ पुढे पाठवले तर वाटेतले तास वाया जात नाहीत. नळी पडल्यावर लघवीचा लोंढा सुरू होतो, त्याबरोबर पाणी आणि क्षार वाहून जातात. सलाइनने ते भरून काढावे लागतात. रक्तातले पोटॅशियम वाढलेले असते, आम्ल साचलेले असते. ते ताळ्यावर आणायला दोन-चार दिवस लागतात. त्यानंतर दुर्बिणीतून पडदा जाळण्याची शस्त्रक्रिया होते, ती काही मिनिटांची. नातेवाइकांना उलटे वाटते: एवढीशी शस्त्रक्रिया, मग चार दिवस कशाला थांबवले? ज्या बाळाचे पोटॅशियम आठवर आहे त्याला भूल देणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला वॉर्डात कुणाला तरी वेळ काढावाच लागतो.

बाळ फारच लहान असेल, दुर्बीण मार्गात जात नसेल किंवा नळी घालूनही क्रिएटिनिन हवे तसे उतरत नसेल, तर बेंबीखाली मूत्राशयाला छोटे तोंड करून देतात. लघवी तिथून लंगोटात पडत राहते. नळी नाही, पिशवी नाही, सांभाळायला काही नाही. ऐकायला विचित्र वाटते, पण वस्तीपासून दवाखाना लांब असलेल्या घरासाठी हा उपाय अनेकदा सर्वांत निर्धास्त ठरतो. दोन-तीन वर्षांनी ते तोंड बंद करता येते.

पहिल्या वर्षात क्रिएटिनिन खाली उतरून जिथे स्थिरावते, त्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधतात. तो एकाच्या बराच खाली असला तर आशा चांगली. वर राहिला तर पुढे कधीतरी मूत्रपिंडे थकणार हे धरून चालावे लागते. एकूण सुमारे एक तृतीयांश मुले वाढत्या वयात किंवा तारुण्यात त्या टोकाला जातात. पडदा काढल्यावरही असे का होते? एक तर गर्भातले नुकसान. दुसरे कारण मूत्राशयाचे. गर्भापासून अडथळ्याशी झुंजलेल्या मूत्राशयाच्या भिंती जाड आणि ताठ झालेल्या असतात. ते नीट ताणले जात नाही, नीट रिकामे होत नाही, आणि वरच्या मूत्रपिंडांना पुन्हा दाब सोसावा लागतो. शस्त्रक्रिया झाली, मूल बरे झाले असे समजून कुटुंब गावी परतते. दहा वर्षांनी तो मुलगा उंचीने खुजा, चेहऱ्याने फिकट असा परत येतो. मधल्या काळात तो अंथरूण ओले करतो म्हणून मार खाल्लेला असतो. त्याची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नव्हती, म्हणून ती रात्रभर येत होती. अशा मुलाला दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे, एकदा करून पाच मिनिटांनी पुन्हा करणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते शाळेच्या स्वच्छतागृहावर आणि वर्गशिक्षकांच्या परवानगीवर अवलंबून आहे. डॉक्टरांनी शाळेच्या नावाने चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली तर तिचा उपयोग महागड्या गोळ्यांहून जास्त होतो.

गर्भातच शोध लागला तर? सोनोग्राफीच्या प्रसारामुळे मूत्रपिंड फुगलेले दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. शंभरांतल्या एक-दोन गर्भांत ते दिसते. त्यातली बहुतेक सूज किरकोळ असते आणि आपोआप ओसरते. अहवालातला ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. पण तो अहवाल बाळंतपणानंतर कपाटात ठेवून विसरण्याचेही कारण नाही, आणि प्रत्यक्षात नेमके हेच होते. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की अशा बाळाची सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी करावी. पहिल्या दोन दिवसांत ती केली तर बाळाला लघवीच कमी होत असल्याने सूज लपून राहू शकते. दोन्ही बाजू फुगलेल्या असतील किंवा खालच्या अडथळ्याचा संशय असेल तर मात्र थांबायचे नाही. आणखी एक. अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी निर्दोष निघाली म्हणजे सुटलो, असेही नाही; काही अडथळे शेवटच्या तीन महिन्यांतच दिसू लागतात.

आपल्याकडे यात एक खास पेच आहे. मूत्रमार्गातला पडदा फक्त मुलग्यांत असतो, म्हणजे तसे निदान लिहिले की गर्भाचे लिंग उघड झाले. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या डॉक्टरांनी ‘मूत्राशयाखालील अडथळा’ एवढेच लिहावे. पुढच्या उपचारांना तेवढे पुरते. कायद्याच्या धास्तीने काहीच न लिहिणे हा बाळावर अन्याय ठरेल. गर्भातच नळी घालून लघवी गर्भजलात सोडण्याचा उपायही आहे. त्याची ब्रिटनमधली चाचणी २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. पुरेशा गर्भवती सहभागी न झाल्याने ती ३१ जणींवर थांबवावी लागली होती. नळी घातलेली बाळे जगण्याची शक्यता वाढते असे दिसले, पण निरोगी मूत्रपिंडांसह दोन वर्षांची झालेली मुले अगदी मोजकी निघाली. हा उपाय ज्यांना सुचवला जातो त्या आईबापांना हे दोन्ही सांगायला हवे.

आता व्यवस्थेकडे. गॅमा कॅमेरा मोठ्या शहरांत एकवटला आहे. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत तो नाही. त्यात वापरायच्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही. रुग्णालाच त्याच्याकडे जावे लागते. रोजंदारीवरच्या आईबापांसाठी तान्हे मूल घेऊन अशा दोन-तीन खेपा म्हणजे आठवड्याची कमाई. आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे, शस्त्रक्रिया तीत बसते. पण ती योजना दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरते. मूत्रपिंड वाचवायचे की काढायचे हे ठरवणारा रीनोग्राम काही आठवडे आधी होतो, आणि ते वाचले का हे सांगणारा तीन महिन्यांनी. निर्णय ज्या तपासणीवर टेकला आहे तीच या खिडकीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडते. मग दुसरा स्कॅन होत नाही, आणि ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ या नोंदीनंतरची पाने कोरी राहतात. मुलांच्या अडथळ्याच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनसह एकत्र बांधले तर सरकारी तिजोरीवर फार मोठा भार पडणार नाही. एका मुलाचे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासांचे डायलिसिस त्याहून कितीतरी महाग आहे. जिल्ह्यांतली यंत्रे आणि तिथले कर्मचारी प्रौढांना सरावलेले आहेत. आठ किलोच्या मुलाला त्यांचा फारसा उपयोग नाही, ही गोष्ट आणखी वेगळी.

स्टेंटचीही एक कहाणी आहे. पायलोप्लास्टीनंतर आत ठेवलेली ही मऊ नळी चार ते सहा आठवड्यांत काढायची असते. बाहेरून ती दिसत नाही, मूल खेळू लागलेले असते, आणि तारीख निघून जाते. वर्षभराने त्या नळीवर खडे जमलेले असतात आणि वाचवलेले मूत्रपिंड पुन्हा धोक्यात येते. यावर उपाय म्हणजे विभागात एक वही, त्यात आईबापांचा आणि आशाताईंचा असे दोन दूरध्वनी क्रमांक, आणि दर सोमवारी ती वही उघडून बसणारा एक माणूस.

शोध लवकर लागण्याची व्यवस्थाही नव्याने उभारायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. ज्या तीस आजारांचा शोध घ्यायचा त्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष आहेत: फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा वगैरे. मूत्रमार्गाचा त्यात एकही नाही. वरून दिसत नाही म्हणून तो राहिला असावा. पण मुलग्याच्या लघवीची धार दिसते. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना ती न चुकता ठाऊक असते, कारण ती त्यांच्या अंगावर येते. धार येतच नाही, नुसती ठिबकते, लघवी करताना बाळ कुंथते, पोटात गोळा लागतो, कारण नसताना वरचेवर ताप येतो, ही लक्षणे सांगायला यंत्र लागत नाही. धार चांगली असली म्हणजे सगळे ठीक असे मात्र नव्हे. वरच्या सांध्याच्या अडथळ्यात ती उत्तमच असते. तिथे मोठ्या मुलाची थांबून थांबून उठणारी पोटदुखी आणि ओकारी ही खूण असू शकते, जिच्यासाठी त्याला वर्षानुवर्षे जंतांचे औषध दिले जाते. दुसऱ्यांदा जंताचे औषध लिहिण्याआधी एक सोनोग्राफी व्हायला हरकत नाही. आणि अशा मुलांना तापासाठी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड न देता पॅरासिटामॉलच द्यावे, हे घरच्यांना कागदावर लिहून द्यावे.

यादी बदलता येते. सिकलसेल, थॅलेसेमिया, थायरॉइडची कमतरता हे आजार जिथे अधिक आढळतात तिथल्या राज्यांनी ते तपासणीत घ्यावेत, अशी मुभा कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेतच आहे. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जातात. त्यांच्या फॉर्मवर बाळाचे वजन, तापमान, दूध पिणे यांच्या रकान्यांखाली दोन ओळींची जागा काढता येईल: मुलगा असल्यास लघवीची धार कशी आहे, आणि गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या अहवालात मूत्रपिंडाबद्दल काही लिहिले होते का.